हौदा तीन इंच खाली आला, ब्रेकला मात्र कुणी कळवले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाड्यांमध्ये परस्पर केलेल्या बदलांविषयी वाचकांची पत्रे अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांतली बहुतेक कर्कश हॉर्न, फटाक्यासारखे फुटणारे सायलेन्सर आणि डोळे दिपवणारे दिवे यांविषयी असतात, आणि ती तक्रार रास्तच आहे. माझ्या पत्राचा विषय मात्र आवाज न करणारा आहे. छोट्या पिकअप गाडीचे मागचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) आणि पुढच्या स्प्रिंगा कमी करून ती दोन-तीन इंच जमिनीकडे आणायची, म्हणजे बोलीभाषेत ‘गाडी खाली घ्यायची’, ही हौस आता आमच्या भागातल्या तरुण टेम्पोवाल्यांमध्येही दिसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक ट्रेडचा निदेशक म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतरही पाना हातातून सुटलेला नाही. त्यामुळे या हौसेबद्दल मला जे म्हणायचे आहे ते नाक मुरडणाऱ्या म्हाताऱ्याचे नाही, गाडीखाली पाठ टेकून पाहिलेल्या माणसाचे आहे, एवढे गृहीत धरावे.

माझा एक भाचा धायरीत राहतो. फ्रिज, कपाटे, वॉशिंग मशीन घरपोच करण्याच्या कामासाठी त्याने एक जुनी छोटी पिकअप घेतली. गाडी घेऊन दोन महिने झाले नाहीत तोच ती दाराशी उभी राहिली ती निराळ्याच रूपात. हौदा खाली, चाके कमानीत निम्मी बुडालेली, काचेवर देवाच्या नावाची पट्टी. “मामा, फक्त तीन इंच खाली घेतली. कपाट चढवायला सोपे जाते, आणि वळणावर गाडी डुलत नाही,” असे त्याने सांगितले. यातले एकही विधान खोटे नव्हते, हे मी आधीच कबूल करतो. जमिनीपासून तीस इंचांवर असलेला हौदा सत्तावीस इंचांवर आला की दोनशे लिटरचा फ्रिज उचलणाऱ्या दोन माणसांच्या कमरेला तो फरक दिवसातून वीस वेळा कळतो. गुरुत्वमध्य खाली आला की गाडी वळणावर कमी कलते, हेही पुस्तकातच लिहिलेले आहे. त्या दिवशी मी चहा पाजून त्याला परत पाठवले आणि गाडीखाली डोकावलो नाही. ही माझी चूक.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी खेड शिवापूरला माल टाकून तो रिकामी गाडी घेऊन कात्रजच्या जुन्या घाटाने परतत होता. भिलारेवाडीच्या बाजूने उतरताना पुढची दुचाकी अचानक थांबली, म्हणून त्याने ब्रेक दाबला. वेग ताशी चाळीसच्या आतलाच होता. मागची चाके जागीच थिजली, गाडीची शेपूट ओल्या रस्त्यावरून डावीकडे सरकत सरकत पुढे आली, आणि गाडी थांबली तेव्हा तिचे तोंड पुन्हा खेड शिवापूरकडे होते. समोरून त्या क्षणी काहीच येत नव्हते, म्हणून हे पत्र तक्रारीच्या स्वरात लिहिता येते आहे. त्याने मला फोनवर सांगितले की टायर गुळगुळीत झाले असावेत. टायर बरे होते.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घेतली आणि पहिली नजर ज्या वस्तूवर गेली ती म्हणजे चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) बसवलेला, मुठीएवढा एक व्हॉल्व्ह. त्याच्यातून एक दांडा निघून मागच्या हाउसिंगला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या आसाच्या कवचाला, जोडलेला असतो. याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. अनेक मालवाहू गाड्यांत तो असतो आणि अनेक मालकांना तो असल्याचे ठाऊक नसते. त्याचे काम समजून घेतले तर बाकीचे सगळे आपोआप उलगडते. रिकाम्या पिकअपचे बहुतेक वजन इंजिन आणि केबिनमुळे पुढच्या चाकांवर असते. ब्रेक दाबल्यावर उरलेलेही पुढे झुकते आणि मागची चाके जवळजवळ तरंगायला लागतात. अशा हलक्या चाकांना पूर्ण जोराचा ब्रेक दिला तर ती फिरायची थांबतात आणि घसरू लागतात. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड राहत नाही, म्हणून शेपूट पुढे येऊ पाहते. पुढची चाके आधी थांबली तर गाडी निदान सरळ तरी घसरते. मागची आधी थांबली तर ती फिरते. याच कारणाने रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेककडे जाणारा तेलाचा दाब कमी ठेवावा लागतो, आणि हौदा भरला की मात्र तोच दाब वाढवावा लागतो, कारण तेव्हा मागच्या चाकांवर वजनही असते आणि पकडही.

हौदा भरला आहे की रिकामा, हे त्या व्हॉल्व्हला कळावे कसे? त्याच्याकडे वजनकाटा नाही. माल भरला की पाटे दबतात, चासी हाउसिंगच्या जवळ येते, दांडा वर ढकलला जातो, आणि व्हॉल्व्ह समजतो की वजन आले. थोडक्यात, त्याला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. भाच्याच्या गाडीत उंची तीन इंचांनी कमी झाली होती, पण दांड्याची जोडणी जुन्याच उंचीची राहिली होती. गाडी रिकामी असतानाही तो दांडा पूर्ण भारलेल्या गाडीसारखा वर चढून बसला होता. ज्या कारागिराने पाटे काढले त्याने ब्रेकच्या एका नटालाही हात लावला नव्हता, आणि तरीही ब्रेक बदलून टाकला होता. घाटात गाडी फिरली ती टायरमुळे नव्हे, या एका न बदललेल्या जोडणीमुळे.

बाकीचे कामही पाहण्यासारखे होते. मागच्या पाट्यांच्या कमानीत मुळात पाच पाटे होते. त्यांतले दोन काढले होते आणि उरलेल्यांची कमान ठोकून बरीचशी सपाट केली होती. हिशेब ढोबळ मानाने असा की, सारख्या जाडीच्या पाच पाट्यांतले दोन काढले की तेवढ्याच मालाखाली उरलेल्या प्रत्येक पाट्यावर आधीच्या पावणेदोन पटीच्या जवळपास ताण येतो. पासिंगमध्ये लिहिलेले वजन तसेच राहते, पाटे मात्र ते वजन पेलण्याच्या लायकीचे राहत नाहीत. पुन्हा, सपाट झालेला पाटा एका टोकाच्या डोळ्यापासून दुसऱ्या टोकाच्या डोळ्यापर्यंत लांब होतो, त्यामुळे पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी, म्हणजे शॅकल, मागे झुकते. इथे ती इतकी झुकली होती की चासीला टेकल्याची चकचकीत खूण उमटली होती. हाउसिंग चासीला आदळू नये म्हणून लावलेल्या रबरी बफरची टोकेही अशीच घासून गुळगुळीत झाली होती. माल भरलेला असताना ही गाडी पाट्यांवर चालतच नव्हती, रबरावर चालत होती.

सगळ्यात जास्त भीती मला वाटली ती पाट्यांची थप्पी हाउसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट पाहून. दोन पाटे काढले म्हणजे पाट्यांची थप्पी दीड-दोन सेंटीमीटरने पातळ झाली. यू-बोल्ट मात्र जुनेच वापरले होते. त्यांचे आटे जिथे संपतात तिथे नट जाऊन अडला होता. पान्याला नट घट्ट लागत होता, कारण तो आट्याच्या शेवटाला भिडला होता, पाट्यांना नव्हे. मी हॅक्सॉ ब्लेडचे पाते दोन पाट्यांच्या मध्ये घालून पाहिले, तर ते लोण्यात सुरी जावी तसे आत गेले. अशा अवस्थेत संपूर्ण हाउसिंगला जागेवर धरून ठेवण्याचे काम पाट्यांना मधोमध ओवणाऱ्या एकट्या सेंटर बोल्टवर येते, आणि तो त्यासाठी बनवलेला नसतो. तो तुटला की हाउसिंग एका बाजूने मागे सरकते आणि गाडी तिरकी चालू लागते. नवे, योग्य लांबीचे यू-बोल्ट हा या सगळ्या कामातला अगदी स्वस्त भाग आहे. ते न बदलण्याचे कारण कंजूषपणा नसून अज्ञान आहे, असे मला वाटते.

पुढच्या बाजूला स्प्रिंगा कापल्या होत्या. सहा वेटोळ्यांच्या स्प्रिंगेतून दीड वेटोळे कापले की ती तेवढ्याच प्रमाणात कडक होते, म्हणजे सुमारे एक-तृतीयांशाने. म्हणून भाच्याला गाडी ‘टाइट’ वाटत होती आणि तो त्यावर खूश होता. पण शॉकॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचा असल्याने चाक खड्ड्यात उतरले की स्प्रिंग आपल्या वाटीतून सुटी होते, आणि पुन्हा वजन आल्यावर ती नेमकी वाटीतच बसेल याची खात्री कुणी द्यावी? कापायची करवत नसली तर काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ती खाली बसवतात. ते तर याहून वाईट. तापवलेल्या पोलादाचे पाणी उतरते. ती स्प्रिंग आज बसते, उद्या आणखी बसते, आणि एक दिवस तुटते. वर्गात मी मुलांना तुटलेल्या स्प्रिंगेचा तुकडा हातात द्यायचो आणि तुटल्याजागचा रंग पाहायला सांगायचो. फळ्यावरच्या आकृतीने जे होत नसे ते त्या तुकड्याने होई.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझा सूर केवळ निषेधाचा वाटेल. सस्पेन्शन खाली घेणे ही मुळात अडाणी कल्पना नाही. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, जपानहून आलेल्या डॅटसन, टोयोटा, माझदा अशा छोट्या पिकअप गाड्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत तरुणांनी इतक्या खाली आणल्या की त्या हौसेचे एक स्वतंत्र शास्त्र झाले. ज्या गाडीत हाउसिंग पाट्यांच्या वर बसते, तिथे दोहोंच्या मध्ये ठोकळा घालतात. जिथे पाटे हाउसिंगच्या वर असतात, तिथे हाउसिंगच उचलून पाट्यांच्या वर नेतात, आणि मग ते चासीला धडकू नये म्हणून चासीला कमानीसारखी खाच पाडून तिला वरून जाड पत्र्याची जोड देतात. शॉकॲब्सॉर्बर आखूड घेतात, मागच्या चाकांकडे इंजिनाची ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन पाचर घालून सुधारतात, चाकांचे अलाइनमेंट नव्याने करतात, हेडलाइट पुन्हा रोखतात, आणि व्हॉल्व्हच्या दांड्याची जोडणी जितकी गाडी उतरली तितकी बदलून घेतात. याच राज्याने १९५८ साली एक नियम लागू केला होता: गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. कारण उघड आहे. टायरमधली हवा गेली तरी चासी रस्त्यावर घासू नये. तिथल्या हौशी पोरांनी लगेच पुढच्या वर्षी हायड्रॉलिक पंप बसवून, पोलीस दिसताच गाडी वर उचलण्याची सोय शोधून काढली, ही गंमत वेगळी. पण तो नियम मला आवडतो तो अशासाठी की तो मोजता येतो. टेप घेतला, रिमची कडा पाहिली, निकाल लागला.

आपल्याकडचा कायदा याहून कडक आहे, पण मोजमापाच्या बाबतीत ढिला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीच्या कागदावर असलेला तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. भाच्याला हे ठाऊक नव्हते. ज्याने काम केले त्यालाही ठाऊक असेल असे त्याच्या बोलण्यावरून वाटले नाही, आणि पाच हजारांच्या कामाची पावती तर दोघांपैकी कुणाकडेच नव्हती.

आता माझा मूळ मुद्दा. भाच्याची गाडी खाली होती म्हणून ती कुणाच्याही नजरेत भरली असती, आणि चौकात थांबवली गेली असती तर दंडही झाला असता. पण त्याच वेळी पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या बाहेर जाऊन उभे राहावे. रिकाम्या टेम्पोंची रांग पाहिली तर दर काही गाड्यांमागे एक अशी दिसते की जिची शेपूट वर आणि नाक खाली. कांद्याच्या, बटाट्याच्या पोत्यांचे जादा वजन पेलावे म्हणून कमानीत एक-दोन जादा पाटे चढवलेले असतात. हाही सस्पेन्शनमधलाच बदल आहे, कलम ५२ त्याला वेगळे ठरवत नाही, आणि त्यातही तोच व्हॉल्व्ह फसतो, फक्त उलट्या दिशेने. जादा पाट्यांमुळे माल भरूनही गाडी पुरेशी बसत नाही, दांडा खालीच राहतो, व्हॉल्व्हला वाटते हौदा रिकामा आहे, आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. म्हणजे ज्या गाडीत दीड टन माल आहे ती बव्हंशी पुढच्या ब्रेकवर थांबायचा प्रयत्न करते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. दिवे घाट उतरताना किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर पुढचे ब्रेक तापत जातात, आणि तापलेला ब्रेक दाबला तरी धरत नाही. काही गाड्यांत तर मी तो दांडा हाउसिंगपासून सोडवून तारेने चासीला बांधून ठेवलेला पाहिला आहे. कारण विचारले तर उत्तर मिळते, “त्याचा बुश तुटला होता, काही फरक पडत नाही.”

जादा वजनासाठी कायद्यात वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार अशी तरतूद आहे, आणि ती कधीकधी लागूही होते. पण माल उतरवून रिकाम्या उभ्या असलेल्या, शेपूट वर केलेल्या टेम्पोला कुणी विचारत नाही. त्याला आपण ‘बदललेली गाडी’ म्हणतच नाही, ‘मजबूत केलेली गाडी’ म्हणतो. हौसेने तीन इंच खाली घेतलेली गाडी गुन्हा, आणि धंद्यासाठी तीन इंच वर घेतलेली गाडी व्यवहार, ही समजूत मला पटत नाही. ब्रेकच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच खोटारड्या आहेत.

आता कुणी म्हणेल, फिटनेस तपासणी आहे की. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे खरे. पण जरा विचार करा. तपासणीला गाडी रिकामी नेतात. रोलरवर ब्रेक मोजले तर भाच्याच्या गाडीचा मागचा ब्रेक इतर रिकाम्या गाड्यांपेक्षा जोरकस दिसेल, कारण व्हॉल्व्हने रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीचा दाब दिलेला असतो. ज्या दोषामुळे गाडी घाटात फिरली, तोच दोष यंत्रावर चांगल्या ब्रेकसारखा दिसतो. आणि जादा पाट्यांची गाडी रिकामी असताना रिकाम्या गाडीसारखीच वागते. तिचे खोटे बाहेर येते ते माल भरल्यावर, आणि माल भरून तपासणीला कुणी जात नाही. केवळ आकड्यावर विसंबणाऱ्या तपासणीतून या दोन्ही गाड्या सुटतात.

याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक उत्पादक रिकाम्या गाडीची उंची आणि त्या दांड्याची जागा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये देतो. तपासणीच्या वेळी चाकाच्या मध्यापासून वर चाकाच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही बाजूंना टेपने मोजावे, पाट्यांची संख्या मोजावी, आणि दांडा हाताने वर-खाली करून तो मोकळा आहे की गंजून बसला आहे हे पाहावे. माझ्या हिशेबाने एका गाडीला पाच मिनिटे. हे आकडे प्रमाणपत्रावर लिहिले गेले तर पुढच्या वेळी तुलना करायला आधार मिळेल, आणि खाली घेतलेली, वर घेतलेली अशा दोन्ही गाड्या एकाच चाळणीतून जातील. ज्या नव्या गाड्यांमध्ये हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते त्यांचे गणित थोडे निराळे आहे, पण रस्त्यावर आज धावणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या एका रात्रीत जाणार नाहीत.

कमानपाट्याच्या दुकानदारांकडून एवढीच अपेक्षा आहे की त्यांनी पावती द्यावी आणि तीवर ‘पाटे पाच’ की ‘पाटे तीन’ ते लिहावे. यातले काही कारागीर इतके कसबी आहेत की तुटलेल्या पाट्याचा आवाज ऐकून कितवा पाटा गेला ते सांगतात. त्यांना व्हॉल्व्हचे हे प्रकरण एकदा कुणी समजावून सांगितले तर ते नक्की सांभाळतील. भोसरीची सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) आणि वेताळ टेकडीवरची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या दोन्ही संस्था साठच्या दशकापासून याच शहरात आहेत. मालवाहू गाडीच्या ब्रेकविषयी देशात जे ज्ञान आहे त्यातले बरेचसे आपल्या उशाशीच आहे. त्यातले मूठभर जरी पाट्याच्या दुकानापर्यंत मराठीत पोहोचले, एका पानाच्या आकृतीसह, तरी मला पुरे आहे.

आणि उत्पादकांसाठीही एक गोष्ट. भाच्याने गाडी खाली घेतली त्यात मिरवण्याचा भाग होताच, पण अर्धे कारण खरोखर कामाचे होते. छोट्या पिकअपचा हौदा शहरातल्या घरपोच कामासाठी उंच पडतो. २००५ साली ‘छोटा हत्ती’ आला तेव्हा त्याने तीनचाकी आणि मोठा टेम्पो यांच्यामधली जागा भरून काढली, कारण कुणीतरी रस्त्यावर जाऊन लोक काय वाहतात आणि कसे वाहतात ते पाहिले होते. आजही कुणी नारायण पेठेतल्या वाड्याच्या बोळाशी उभे राहून दोन माणसे कपाट कसे चढवतात ते पाहिले, तर बुटक्या हौद्याची, कारखान्यातूनच तशी आलेली, रीतसर मंजुरी असलेली गाडी विकली जाईल. मंजूर पर्याय नसला की माणूस करवत असलेल्या पर्यायाकडे जातो.

गतिरोधकांचा उल्लेख न करता पुण्यात गाडीच्या उंचीविषयी लिहिणे शक्य नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटरसाठीचा गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.१ मीटर धरले तर अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडीच्या पोटाखाली जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर उंची घुसते. म्हणजे तीन इंच खाली घेतलेली भाच्याची गाडीही त्यावरून न घासता गेली असती. प्रत्यक्षात तिच्या पोटाला जागोजागी ओरखडे होते, कारण आमच्याकडे सोसायटीच्या दाराशी रातोरात उगवणारा सिमेंटचा बांध अर्धा मीटरही रुंद नसतो आणि तो अख्खाच्या अख्खा दोन चाकांच्या मध्ये मावतो. हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे. इथे एवढेच नोंदवतो की मोजमापाचा कंटाळा फक्त गाडीवाल्यांनाच आहे असे नाही.

भाच्याची गाडी आम्ही दोघांनी मिळून पूर्ववत केली. पाच पाटे, नवे यू-बोल्ट, नवा सेंटर बोल्ट, कारखान्याच्या मापाच्या स्प्रिंगा, आणि दांड्याची जागा मॅन्युअलप्रमाणे. कपाटांसाठी फाळक्याला अडकवायची दोन लोखंडी पट्ट्यांची घडीची उतरण बनवून घेतली आहे. ती खाली घेण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडली आणि हौद्यात पोतेभर जागेत मावते. तो अजून म्हणतो की गाडी आधी जास्त छान दिसत होती, आणि दिसण्यापुरते बोलायचे तर मी त्याच्याशी वाद घालत नाही.

ज्यांच्याकडे सेकंडहँड पिकअप आहे त्यांनी एवढे पाहावे. गाडी रिकामी असताना मागच्या हाउसिंगवरून चासीकडे जाणारा तो दांडा शोधावा. मग हौद्यात चार-पाच जणांना उभे करून दांडा हलतो का ते पाहावे. हलला नाही, किंवा तो तारेने बांधलेला सापडला, तर पुढचा घाट उतरण्याआधी गाडी मेकॅनिककडे न्यावी.

आपला,
एक निवृत्त निदेशक (मोटार मेकॅनिक),
सिंहगड रस्ता, पुणे